मुकादमाचा हात

शनिवार, १ जानेवारी १९९४

या डायरीविरुद्धची तक्रार या डायरीतच नोंदवते, कारण दुसरीकडे कोणी दाद घेईल असं वाटत नाही. उल्हासनगरचा एक पंख्यांचा व्यापारी दर वर्षी आमच्या टेलिफोन ऑफिसला डायऱ्या फुकट वाटतो. फुकट वस्तूला नावं ठेवू नयेत हे मला कळतं. पण छापणाऱ्याने शनिवार आणि रविवार मिळून एकच पान दिलंय, आणि या वर्षाचा पहिला दिवस नेमका शनिवार. म्हणजे सबंध १९९४ साल माझ्याकडे अर्ध्या पानातून, अंग चोरून शिरलं. समोर टेबलफॅनच्या चित्राला मात्र पूर्ण पान. शनिवार-रविवारी माणसाला निम्मंच दुःख होतं, असं या सद्गृहस्थांना कोणी सांगितलं कोण जाणे.

पहिल्या पानावर नाव, पत्ता, रक्तगट असे रकाने आहेत. भरले. वृंदा टिपणीस, अंबरनाथ पूर्व, बी पॉझिटिव्ह. शेवटचा रकाना, ‘अपघात झाल्यास कळवा’. तिथे वीस वर्षं एकच नाव लिहीत आले: दिनानाथ टिपणीस, मोठा भाऊ. यंदाही सवयीने लिहिलं आणि मग पेन थांबलं. अपघात त्यालाच झालाय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मेंदूत रक्ताची गाठ अडकली, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. मला काही झालं आणि कोणी त्याला कळवलंच, तर अण्णा म्हणेल, “बरोबर.”

तेवढा एक शब्द उरलाय. भूक लागली, बरोबर. भूक नाही, बरोबर. मी चिडले, बरोबर.

मंगळवार, ४ जानेवारी

अण्णाच्या इशाऱ्यांवर आमच्या मजल्यावर दोन पंथ पडले आहेत.

तो डाव्या हाताचं बोट छताकडे करून हवेत बारीक गोल फिरवतो. शेजारच्या कमळाबाईंनी ते पहिल्यांदा पाहिलं आणि पदराने डोळे टिपले. म्हणाल्या, “वृंदा, वरचं बोलावणं दिसतंय गं. ते दाखवतायत.” तेव्हापासून रोज सकाळी नऊ वाजता येऊन त्याच्या उशाशी स्तोत्र म्हणतात. अण्णा जन्मात देवळात गेला नाही. आनंदनगरच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, मुकादम म्हणून रिटायर झाला, आणि देवाबद्दल विचारलं तर म्हणायचा, “त्यांचं डिपार्टमेंट वेगळं.” आता पळून जाता येत नाही म्हणून ऐकतो. बाई स्तोत्र म्हणतात, हा बोट जोरात फिरवतो, बाईंना वाटतं भक्ती वाढली, बाई पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

दुसरा पंथ तुळशीचा. ती बदलापूरकडच्या गावातून येते आणि माझ्या ऑफिसच्या पाळीच्या वेळी त्याच्याजवळ बसते. तिच्या पंथाला तत्त्वज्ञान नाही. ती त्याच्या काखेत हात घालून त्याला वर ओढते आणि उशी सारखी करते.

“तुला कसं कळलं त्याला काय हवंय?” मी विचारलं.

“मना काय कलायचंय? घसरलं व्हतं, वर घेतलं.”

मी माझं मत राखून ठेवलंय. जिचे विनोदी लेख छापून येतात त्या बाईने घाईने मत देऊ नये.

बुधवार, १९ जानेवारी

कल्याणच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वयाने लहान, बोलायला स्वच्छ. या आजाराला वाचाघात म्हणतात. म्हणाल्या, “शब्द गेले म्हणजे समज गेली असं धरू नका. त्यांना बरंच कळतं, बाहेर येत नाही इतकंच. हाताकडे लक्ष द्या. जे हात आयुष्यभर करत आले, ते पुष्कळदा शिल्लक राहतं.”

“आणि ‘बरोबर’ म्हणतो ते?”

“तो शब्द आपसूक निघतो. त्यावरून हो किंवा नाही ठरवू नका. महत्त्वाचं असेल तर अजिबात नाही.”

मग चित्रांचा एक पुठ्ठा दिला. हवं त्यावर बोट ठेवायचं. पाण्याचा ग्लास, ताट, संडास, आणि चहासाठी बशीतला फुलाफुलांचा कप. अण्णाने असा कप लग्नाच्या रुखवतात सोडून कुठे पाहिला नसेल. त्याने पुठ्ठा नीट न्याहाळला, उलटा केला, मागची कोरी बाजू न्याहाळली आणि मला परत दिला.

“बरोबर,” म्हणाला.

मला हसू आलं. त्यालाही आलं, अर्ध्या तोंडाने. तीन महिन्यांत आम्ही पहिल्यांदा एकाच गोष्टीला हसलो. परतताना रिक्षात त्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. खांद्याला रग लागली, तरी सरकले नाही. हे लिहून ठेवते, कारण पुढे मी कशी वागेन याची मला खात्री नाही.

बुधवार, २ फेब्रुवारी

वागले.

सकाळची पाळी होती. हल्ली पाळीत काम नसतं. कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बूथ झाले, ट्रंक कॉल लावायला आमच्याकडे कोण येतो? एक म्हातारे सिंधी शेठ तेवढे सवयीने येतात. “बेन, कलकत्ता लगाओ,” म्हणतात, आणि लागेपर्यंत आम्हाला त्यांच्या गुडघ्यांचा इतिहास. सव्वीस वर्षं लोकांचे आवाज एकमेकांना जोडून दिले. इंदूरचा आवाज अंबरनाथला, अंबरनाथचा भुसावळला. एकाचाही हात कधी पाहिला नाही.

घरी आले तर अण्णा खुर्चीत, डावा हात समोर आडवा, तळवा खाली, ताठ. मी पाणी दिलं. हात तसाच. पंखा बंद केला. तसाच. तुळशीने खिडकी लावली, रेडिओ बंद केला. हात थरथरायला लागला, घाम आला, पण खाली घेईना. नजर माझ्यावर, जणू मीच काहीतरी द्यायचं राहिलंय.

“काय हवंय ते तरी सांग,” मी म्हणाले. ज्याची वाचा गेलीय त्याला.

“बरोबर. बरोबर. बरोबर.”

मी त्याचा हात धरून खाली दाबला. जोराने. म्हणाले, “पुरे झाला मुकादमपणा. इथे तुझ्या हाताखाली कोणी कामाला नाही.”

त्याने मान भिंतीकडे वळवली. तुळशीने भांडी मोठ्याने घासली.

शुक्रवार, ४ फेब्रुवारी

बडोद्याहून बाळचा फोन. बाळ हा अण्णाचा एकुलता मुलगा. त्याची आई गेल्यावर तो वर्षातून दोनदा येतो आणि बाकीचे दिवस काळजी करतो. त्याने बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातलं एक नवं वृद्धनिवास शोधलंय.

“आत्या, नर्स आहे, बाग आहे. तू किती दिवस करणार? तुझी नोकरी, तुझं लिखाण. बाबांना विचार, ते हो म्हणाले तर ठरवून टाकू.”

ते हो म्हणाले तर. बाळ कायद्याने चालतो.

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. हे वाक्य खोडणार होते. राहू दे. दिवाळीपासून एक ओळ लिहून झालेली नाही, आणि मागच्या आठवड्यात मी मीठ समजून त्याच्या भातावर साखर घातली. त्याने ती खाल्ली. विनोद म्हणून हे मी छापायला दिलं असतं.

रविवार, १३ फेब्रुवारी

बदलापूरला जाऊन निवास पाहिला. भिंती गुलाबी. बाग म्हणजे सहा कुंड्या. व्यवस्थापक भला माणूस आहे, प्रत्येक वाक्य ‘आपल्या घरासारखंच’ने संपवतो. ओळीने पलंग, ओळीने माणसं. एका आजोबांनी मला हाताने काहीतरी खूण केली. व्यवस्थापक म्हणाले, “ते सगळ्यांनाच करतात, लक्ष देऊ नका.”

मी लक्ष दिलं नाही.

मंगळवार, १५ फेब्रुवारी

आज अण्णाला विचारलं. त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसले, स्पष्ट, सावकाश, टेलिफोनवर आकडे सांगावेत तसं.

“अण्णा, हेंद्रेपाड्यात एक जागा आहे. तिथे तुझी सोय चांगली होईल. मी दर रविवारी येईन. जाशील?”

त्याने माझ्याकडे बघितलं. मग डाव्या हाताने निर्जीव उजवं मनगट उचललं आणि दोन्ही हात पोटापाशी एकमेकांत धरून ठेवले, कीर्तनाला बसलेल्या माणसासारखे. शांत दिसला.

“बरोबर,” म्हणाला.

“नक्की ना?”

“बरोबर.”

दोनदा विचारलं. दोनदा म्हणाला. हात तसेच धरून बसला, मी चहा टाकून आले तरी. थंडी आहे, उजवा हात गार पडतो, त्याला ऊब देत असेल. शाल पांघरली.

बाळला फोन करून सांगितलं, बाबा तयार आहेत. सात मार्च ठरली, सोमवार. मन हलकं झालं. संध्याकाळी चार पानं लिहिली, बऱ्याच महिन्यांनी. वाचून पाहिली तर चुरचुरीत होती.

गुरुवार, २४ फेब्रुवारी

अण्णाच्या कारखान्यातले जयदेव येऊन गेले. क्रेन चालवायचे. बुटके, गोल, पान खाणारे. आजाराचं इतक्या उशिरा कळलं म्हणून स्वतःवरच रागावलेले. मी त्यांना दारातच सांगितलं की अण्णा बोलत नाही.

“ताई, मुकादम माझ्याशी कधी बोललेच नाहीत,” ते म्हणाले. “एकोणीस वर्षं त्यांच्या डोक्यावर बसलो. वर केबिनमध्ये आवाज पोचतो कुठे? खाली भट्टी, घण, सगळा गोंगाट. त्यांचा आवाज मला रस्त्यात ओळखता येणार नाही. हात सांगा, हजारात ओळखेन.”

आत गेले. अण्णा खाली घसरला होता, बोट छताकडे गोल फिरवत होता. जयदेवनी जीभ टाळ्याला लावून ‘टँग’ असा आवाज काढला, त्याला उचलून सरळ बसवलं. अण्णाचा हात ताबडतोब खाली आला. मग दोघांचं जे सुरू झालं ते मी दारात उभी राहून पाहिलं. हा हाताने काही सांगायचा, ते टँग करायचे आणि पंखा, पडदा, उशी हलवायचे. एकदा अण्णा हसून खुर्चीतून पडायच्या बेतात आला. सव्वीस वर्षं मी सगळ्या देशाला जोडून दिलं, आणि माझ्याच घरातली लाइन एक पान खाणारा गृहस्थ पाच मिनिटांत लावून बसला. हेवा वाटला, खोटं कशाला लिहू?

चहाला बसल्यावर विचारलं. त्यांनी बशी खाली ठेवून मला सगळं दाखवलं.

“बोट वर, गोल, म्हणजे उचला. बोट खाली, गोल, म्हणजे उतरवा. हात आडवा, तळवा खाली, म्हणजे थांबा.”

“आणि ते टँग?”

“ती घंटा. क्रेनवर पायाखाली असते. इशारा दिसला की आधी घंटा मारायची, दिसलं म्हणून. मगच लोड हलवायचा. घंटा ऐकल्याशिवाय मुकादम हात खाली घेत नाहीत, कितीही वेळ लागो. एकदा माझी घंटा बिघडली होती, बिचारे हात वर करून उभे. खाली दहा टनाचा लोड लटकतोय, ताई. ड्रायव्हरने बघितलं की नाही हे त्यांना कळायला नको?”

मी म्हणाले, “शेजारच्या बाई समजत होत्या की तो देवाकडे बोट दाखवतो.”

जयदेव इतके हसले की पान सांडलं. मग पुसता पुसता म्हणाले, “आणि हा एक मोठा इशारा.” त्यांनी दोन्ही हात पोटापाशी एकमेकांत घट्ट धरले. “म्हणजे सगळं आहे तसं धरून ठेवा. काही हलवायचं नाही. साहेब येऊन ओरडला तरी नाही. काहीतरी चुकतंय, मुकादम बघतायत, तोवर कोणी लोडला हात लावायचा नाही. हा इशारा ते वर्षातून एखाद्या वेळी द्यायचे. दिला की कारखान्यातला सगळा शॉप गप्प.”

मी त्यांना आणखी चहा हवा का विचारलं. नको म्हणाले. चहात आलं जरा जास्त पडलं होतं. आल्याचा भाव हल्ली उतरलाय.

शुक्रवार, २५ फेब्रुवारी

आज लिहिण्यासारखं काही नाही.

सोमवार, २८ फेब्रुवारी

विचार केला. मनगट धरणं वेगळं, हात एकमेकांत धरणं वेगळं. जयदेवनी दोन्ही हातांची पकड दाखवली. अण्णाचा एक हात चालतच नाही, तेव्हा त्याने तशी पकड घेतली असं म्हणता येणार नाही. शिवाय थंडी होती. शिवाय दोनदा ‘बरोबर’ म्हणाला. शिवाय बाळने रजा काढून येऊन पैसे भरले. व्यवस्थापकांनी खिडकीजवळचा पलंग दिलाय.

चार कारणं झाली. खऱ्या गोष्टीला एक पुरतं, हे मी इतरांबद्दल लिहिताना नेहमी लिहिते.

त्याला पुन्हा विचारलं नाही. समोर बसून कपडे पिशवीत भरले. त्याने पाहिलं. डाव्या हाताने मनगट धरलं, पोटापाशी. मी उठून मोजे शोधायला गेले. मोजे हातातच होते.

शनिवार, ५ मार्च

तुळशी म्हणाली, “बाई, बाबांना पाठवताव, तं ते काय बोलले?”

“बरोबर म्हणाले.”

“ते तं काल मांजराला पन बरोबर बोलले.” आणि केर काढत राहिली. पंधरा वर्षं मी लोकांना टोचेल असं लिहिते आहे. या बाईला अक्षर येत नाही.

सोमवार, ७ मार्च

सकाळी नऊला व्हॅन आली. हेंद्रेपाड्याच्या हरिचंद्रची. त्याने जमीन विकून ती घेतलीय, सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. मदतीला त्याचा चुलतभाऊ जनू. आमचा जिना अरुंद, म्हणून अण्णाला लाकडी खुर्चीत बसवून खुर्चीच उचलून न्यायची असं ठरलं. कमळाबाई दारात डोळे पुसत होत्या. तुळशी स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही.

“चल रे जनू, उचल,” हरिचंद्र म्हणाला. खुर्ची उचलली. दाराबाहेर पडून दोन पायऱ्या उतरले. मी मागे, हातात त्याच्या भांड्यांची पिशवी.

अण्णाचा डावा हात खुर्चीच्या कडेला धरलेला होता. त्याने तो सोडला. वर हवेत, दोन माणसांच्या हातांवर तोललेला, खाली चौदा पायऱ्या, आणि धरायचं सोडून त्याने उजवं मनगट उचललं, पोटापाशी आणलं, आणि दोन्ही हात घट्ट धरले.

“बाबा, कडेला धरा ना, पडाल,” जनू ओरडला.

“बरोबर,” अण्णा म्हणाला. हात सोडले नाहीत. मान वळवता येईल तेवढी वळवून तो मागे बघत होता, वर, माझ्याकडे. मी त्याच्यापेक्षा दोन पायऱ्या उंच उभी होते. क्रेनची केबिन तिथेच असणार.

मी पिशवीत हात घातला. त्याची वाटी लागली, मग चमचा. वाजवली. आवाज किती बारीक आला. पुन्हा वाजवली, जोराने. जिन्यात घुमला. कमळाबाईंचं रडणं थांबलं.

अण्णाने हात सोडले. मनगट मांडीवर ठेवलं, हळूच, लहान मूल ठेवावं तसं. डोळे मिटले आणि एवढा मोठा श्वास सोडला की तो पाच महिने कुठे ठेवला होता, असं वाटलं.

“क्या हुआ? काय झालं बाई?” हरिचंद्र घामाघूम. “जायचं का ठेवायचं, काय त्यो सांगा.”

मी बोट जमिनीकडे करून गोल फिरवलं. त्याला ते कळायचं काही कारण नव्हतं, म्हणून तोंडानेही सांगितलं, “आत न्या. खाली ठेवा.”

खुर्ची पुन्हा खिडकीशी गेली. तुळशी बाहेर आली, त्याची उशी सारखी करून परत आत गेली. बाळला फोन केला. तो म्हणाला, “पण आत्या, बाबा हो म्हणाले होते ना?”

“ते मी म्हणाले होते,” मी सांगितलं.

“मग आता तू कसं करणार?”

ते मला माहीत नाही. उद्या दुसरी पाळी आहे. तुळशी दुपारनंतर थांबेल का, विचारायचंय. जयदेवना आठवड्यातून एकदा बोलवायचंय. मला चार इशारे येतात, त्यांतला एक मी दोन महिने देवाचा समजत होते आणि एक तीन आठवडे थंडीचा. पुढचे किती चुकवीन कोण जाणे. आज दुपारीच त्याने हाताने काहीतरी नवीन केलं. मला कळलं नाही. तरी वाटी वाजवली. दिसलं, एवढं तरी त्याला कळू दे.

खाली उतरले तेव्हा हरिचंद्र व्हॅनला टेकून विडी ओढत होता. मी पर्समधून ठरलेले पैसे काढले.

“गाडी हाललीच नाय, बाई. पैशे कसले?”

“थांबल्याचे,” मी म्हणाले, आणि नोटा त्याच्या खिशात सरकवून वर आले.